पाण्यातला निळा उजेड
सरकारी खजिन्यातील द्रव्य प्रयोगशाळांवर का वेचावे, ज्याला नफा हवा त्याने आपल्या तिजोरीतून खर्च करावा, असा आक्षेप जे घेतात, त्यांनी खोपोली आणि ट्रॉम्बे ही दोन स्थळे एकदा ताडून पाहावीत. खोपोलीस १९१५ साली टाटांच्या भांडवलाने घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली कोसळू लागले आणि त्यापासून झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांनी घेतली. तेथे तंत्र सिद्ध होते, गिऱ्हाईक ठरलेले होते, म्हणून भांडवलदाराचे धैर्य पुरेसे ठरले. परंतु ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत जी साखळी-प्रक्रिया प्रथम सुरू झाली, तिने विकण्याजोगी एक युनिट वीजही दिली नाही. हौदातल्या पाण्यात, इंधनाभोवती, निळसर प्रभा तेवढी पसरली. असा उजेड कोणता व्यापारी मोल देऊन घेणार? पुढे तारापूरच्या भट्ट्या अमेरिकेकडून घ्याव्या लागल्या हे खरे. तथापि अणुभट्टी स्वहस्ते हाताळणारी आपली पहिली पिढी ‘अप्सरे’च्या त्या हौदाकाठीच तयार झाली. तात्पर्य, जेथे बाजार सिद्ध आहे तेथे सरकारने हात आखडावा, आणि जेथे फळ एका पिढीपलीकडे आहे तेथे तो सैल सोडावा. मात्र गोपनीयतेच्या पडद्याआड जमाखर्च न दडवता दप्तर रयतेपुढे उघडे ठेवावे. विहिरीसाठी तगाई दिली म्हणून पाणी लागेलच असे नाही. पण विहीर किती परस खणली, हे तरी काठावरून मोजता आले पाहिजे.