समुपदेशकाच्या दारापर्यंत पोहोचणार कोण?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असला पाहिजे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिले. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आलेल्या या निर्देशांचे स्वागतच व्हायला हवे. गोव्यातील अनेक शाळांत समुपदेशक यापूर्वीच आहेत. त्यामुळे आपल्याकडे हा विषय केवळ पदे भरण्याचा उरत नाही. नेमलेल्या समुपदेशकाकडे जाते कोण, हा खरा प्रश्न आहे. कारण मनाच्या एका विकाराचे लक्षणच असे की, त्याने ग्रासलेला विद्यार्थी त्या दाराशी स्वतःहून सहसा येत नाही.

मानसोपचारशास्त्रात त्याला ‘सोशल अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हणतात. साध्या मराठीत चारचौघांचे भय. लाजाळूपणा हा स्वभाव आहे, हा विकार आहे. लाजाळू माणूस थोड्या वेळाने रुळतो. या विकारात लोक आपल्याकडे पाहत आहेत, आपले हसे होणार, या धास्तीने छाती धडधडते, हात थरथरतात, तोंड कोरडे पडते आणि माणूस तो प्रसंगच टाळू लागतो. कंडक्टरला हाक मारून बस थांबवावी लागू नये म्हणून कोणी दुसरा प्रवासी उतरेल त्या थांब्यावर उतरून मागे चालत येणारी माणसे असतात. बाहेरच्यांना त्यात काहीच दिसत नाही.

हा विकार बहुधा बारा-तेराव्या वर्षाच्या आसपास डोके वर काढतो. गोव्यातील सरकारी मराठी-कोकणी प्राथमिक शाळांतून आलेली मुले पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हे वय येते. माध्यमबदलामुळे विकार होतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण उभे राहून परक्या भाषेत उत्तर देण्याची भीती आणि आतून उगवणारे हे भय एकाच वर्गात, एकाच वयात भेटतात तेव्हा शिक्षकाला दोन्हींतला फरक कळणे कठीण जाते. त्यातून गप्प मूल हे आपल्याकडे शहाणे मूल. पालकसभेत त्याचे कौतुकच होते.

या विकारावर उपचार नाहीत असे नाही. उलट, मनोविकारांत ज्यांच्यावर परिणामकारक उपचार सिद्ध झाले आहेत, अशांपैकी हा एक. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिली पसंती आहे ती याच विकारासाठी घडवलेल्या वैयक्तिक ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ला, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्ही बदलू पाहणाऱ्या उपचाराला. साधारण चौदा-पंधरा बैठकांत तो होतो. नजर न मिळवणे, वाक्य मनात दहादा घोळवून मग बोलणे, हात खिशात लपवणे, अशा ज्या युक्त्यांनी रुग्ण स्वतःला वाचवत असतो, त्याच भय जिवंत ठेवतात, हे त्याला अनुभवाने दाखवले जाते. कधी त्याचे बोलणे चित्रित करून त्यालाच पाहायला लावतात. आपण जितके थरथरतो असे वाटते, तितके पडद्यावर दिसत नाही, हे पाहून अनेकांना धक्का बसतो.

मराठी वाचकांना ‘विवेकनिष्ठ उपचारपद्धती’ अनेक पुस्तकांतून परिचित आहे. तिचा जनक अल्बर्ट एलिस स्वतः तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरत असे. एकोणिसाव्या वर्षी त्याने न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा नेम धरला. काही उठून गेल्या. सुमारे शंभरजणींशी तो बोलला. एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. एलिस ही गोष्ट आयुष्यभर सांगत असे, कारण एवढ्या नकारांनंतर आकाश कोसळले नव्हते आणि भय मात्र ओसरले होते. (आजच्या काळात हा प्रयोग जसाच्या तसा कोणी करू नये, हे वेगळे सांगायला नको.)

थेरपी नको असेल किंवा उपलब्ध नसेल तर औषधे आहेत. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागताच ती अचानक बंद करणे चुकीचे. भाषणापूर्वी घेतली जाणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी थरथर आणि धडधड तेवढी आवरते, मूळ भय नव्हे. दम्याच्या रुग्णांना ती धोक्याची. झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांची सवय लागते. गोव्यात या साऱ्यांहून स्वस्त आणि सहज हाती लागणारे ‘औषध’ म्हणजे दारू. लग्नाच्या मांडवात दोन पेग पोटात गेल्यावरच बोलका होणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो मौजेसाठी पितो की भयासाठी, हे त्याला कोणी विचारत नाही.

उपचार आहेत, तर अडते कुठे? मोठा मार्ग बांबोळीला जातो. तेथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे राज्यातील या विषयाचे मुख्य सरकारी रुग्णालय. पण ज्याला वाण्याच्या दुकानात उभे राहणे जड जाते, त्याने काणकोणहून किंवा सत्तरीहून बस बदलत यायचे, नोंदणीच्या खिडकीवर मोठ्याने नाव सांगायचे, रांगेत बसायचे आणि अनोळखी डॉक्टरांसमोर मन उघडायचे. शिवाय गोवा एवढासा. रांगेत कोणी ओळखीचे भेटणार नाही याची खात्री नाही. विकाराने जे हिरावून घेतले, नेमके तेच उपचाराची पहिली पायरी मागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा प्रवास आणि रांग वाचवते. तरीही फोन लावून परक्याशी बोलणे हेच काहींना सर्वांत कठीण वाटते.

यावरचा एक मार्ग गोव्यातच चाचपून झाला आहे. ‘संगाथ’ या गोव्यातील संस्थेच्या ‘मानस’ प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य सेवेत नैराश्य आणि चिंताविकारांचे रुग्ण हाताळले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट लाभ झाला, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. त्यानंतरच्या नैराश्यावरील प्रयोगात असे समुपदेशक रुग्णाच्या घरीही गेले. हे प्रयोग चारचौघांच्या भयासाठी आखलेले नव्हते, हे मान्य. पण रुग्णाने दारापर्यंत येण्याऐवजी दारानेच रुग्णाकडे जावे, ही त्यातली कल्पना या विकाराला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्याला पडेल. स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात इंटरनेटवरून, तज्ज्ञाच्या लेखी मार्गदर्शनासह दिलेली थेरपीही याच विकारात गुणकारी ठरली आहे. तशी साधने मराठी-कोकणीत हवीत. ज्या भाषेत माणूस घाबरतो, त्या भाषेत त्याला उपचार मिळाला पाहिजे.

शाळेतील समुपदेशकाचे काम ‘किती विद्यार्थी भेटायला आले’ यावर मोजले जाणार असेल, तर हे विद्यार्थी त्या मोजदादीत येणारच नाहीत. त्यांची यादी वेगळ्या ठिकाणी तयार असते. तोंडी परीक्षेच्या दिवशी पोटदुखी, प्रकल्प सादरीकरणाला गैरहजेरी, सहलीला नकार, वर्षभरात एकदाही न विचारलेली शंका. वर्गशिक्षकाच्या हजेरीपटावर ही नावे आज आहेत. समुपदेशकाने तो हजेरीपट मागितला, तर कामाला सुरुवात होईल.