सुईण, परिचारिका आणि रिकामे पाळणे

थायलंडमध्ये २०२४ साली पाच लाखांपेक्षा कमी बाळे जन्मली. २०२१ पासून तिथे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत आहेत. याची चर्चा बहुतेक वेळा अर्थव्यवस्थेच्या अंगाने होते. पण या देशात परिचर्येचा व्यवसायच बाळंतपणाच्या खोलीत उभा राहिला. त्यामुळे हा प्रश्न परिचारिकांचाही आहे.

थायलंडला सयाम म्हणत, तेव्हा तिथली बाळंतपणे घरीच, सुइणीच्या हातून होत. त्यानंतर ‘यू फाय’ची प्रथा. बाळंतिणीने कित्येक दिवस विस्तवाशेजारी पडून राहायचे. आपल्या शेक-शेगडीची आठवण व्हावी, पण त्याहून कितीतरी कडक. भाजण्याची, अंगातले पाणी कमी होण्याची भीती असे. १८८८ मध्ये बँकॉकला सिरिराज रुग्णालय उघडले, तरी जुनी रीत सुटत नव्हती. राणी सावोभा यांनी स्वतःच्या बाळंतपणात विस्तव नाकारला. पुढे १८९६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सिरिराजमध्ये प्रसूतिविद्या आणि परिचर्येची शाळा सुरू झाली. देशातली ही पहिलीच. पुढे राजमाता झालेल्या श्रीनगरिंद्र याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांचा जन्मदिवस, २१ ऑक्टोबर, तिथे परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

परिचर्या आणि सुईणपण यांची ही जोडी १९८५ च्या कायद्यानेही कायम ठेवली. दोन्हींसाठी परिषद एकच. त्यामुळे गावपातळीवरही बाळंतपण जाणणारी परिचारिका मिळू शकली. आज तिथली जवळजवळ सगळी बाळंतपणे प्रशिक्षित हातांनी होतात आणि मातामृत्यूही बरेच घटले आहेत.

पण हे कौशल्य सरावावर टिकते. जन्म घटले, त्यात सिझेरियन वाढले, की लहान रुग्णालयातल्या परिचारिकेच्या वाट्याला नैसर्गिक बाळंतपणे फारच थोडी येतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मात्र तिला पुस्तक उघडायला वेळ देत नाही.

उपाय दोनच. लहान प्रसूतिकक्ष बंद करून गर्भवतीला वेळेत मोठ्या रुग्णालयात नेण्याची पक्की सोय करायची, किंवा परिचारिकांना आळीपाळीने मोठ्या प्रसूतिकक्षात पाठवून हात सरावात ठेवायचा. पहिला मार्ग स्वस्त वाटतो. पण वाटेतच कळा वाढल्या, तर त्याची किंमत आई मोजते.

भारतानेही २०१८ मध्ये प्रसूतिसेवेसाठी खास प्रशिक्षित परिचारिका तयार करण्याचे धोरण आखले. महाराष्ट्रातही जन्मदर उतरतो आहे. नवी फळी उभी करतानाच तिच्या सरावाचा विचार व्हायला हवा.