केसपेपर कुणाचा?

आमच्या आजीच्या दुखण्याचा सारा इतिहास एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. गेल्या पावसाळ्यात तिला कोल्हापूरला आणताना त्यातले दोन कागद भिजले आणि त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागल्या. वडिलांची दोन दिवसांची मजुरी त्यात गेली.

कुणी म्हणेल, संगणक आणा, प्रश्न मिटला! पण जुलै २०२२ मध्ये राज्यातील अनेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खासगी कंपनीकडची संगणकीय व्यवस्था बंद पडली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. रुग्णालय आपले, रोगी आपले. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कनवटीला!

याला दुसरी वाट आहे. छत्तीसगडमधील गनियारी येथे 'जन स्वास्थ्य सहयोग'च्या ग्रामीण रुग्णालयात 'बाह्मनी' ही रुग्णनोंदीची प्रणाली आकाराला आली. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ओपन एमआरएस'वर ती उभी आहे. दोन्हींचा कोड खुला आहे. कुणीही तो वाचावा, बदलावा, वापरावा.

खुले म्हणजे फुकट नव्हे. दुरुस्तीला माणसे लागतात, त्यांना पगार लागतो. पण एक कंत्राटदार गेला तरी दुसरा जाणकार ते काम पुढे नेऊ शकतो.

मित्रहो, आपण कला शाखेचे, आपले यात काय, असे म्हणू नका. अशा प्रणालींतील शब्दांचे भाषांतर स्वयंसेवकही करतात. आजीला कळेल अशा मराठीत तिचा केसपेपर निघावा, हे काम आपल्याखेरीज कोण करणार?

— द्वितीय वर्ष, बी. ए.