पिशवी दिसते का?

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे माणसाकडे पाहण्याआधी त्याचा ताळेबंद पाहण्याची सवय मला जडली, आणि निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही. गेल्या दिवाळीत मात्र बीडच्या मोंढ्यातील एका जुन्या खातेदाराने या सवयीला धक्का दिला.

तीन वर्षांपूर्वी ते गोदामातील पोत्यांच्या थप्पीवरून पाठीवर पडले. मणका मोडला, मज्जारज्जूला इजा झाली. पायांतील शक्ती गेली आणि लघवीवरील ताबाही गेला. पायांची चौकशी सर्वांनी केली. दुसऱ्या गोष्टीचा उच्चार कोणी केला नाही. आपल्या घरांत तो बोलण्याचा विषय नव्हे. मूत्राशयात कायमची नळी आणि मांडीला बांधलेली लघवीची पिशवी, अशा स्थितीत ते चाकाच्या खुर्चीवर बसून फोनवरून अडत सांभाळत होते. घरच्यांनी मला सांगितले, "ताप नाही, किडनी उत्तम आहे, सर्व ठीक आहे." ताळेबंद जुळत होता. निघताना मी त्यांना सहज प्रवचनाला येण्याचा आग्रह केला. ते हळूच म्हणाले, "येतो, साहेब, पण पायजम्यातून पिशवी दिसते का, ते आधी खरे सांगा."

किडनी उत्तम असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक सैनिक दगावले, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे त्याचे एक मोठे कारण होते. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उभारून मूत्राशयाच्या निगेला शिस्त लावली. तेथेच १९४८ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले आपले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले, ते याच स्पर्धांत. त्याच १९७२ साली अमेरिकेतील डॉ. जॅक लापिडिस यांनी एक साधी गोष्ट मांडली: रुग्णाने हात स्वच्छ धुऊन, स्वच्छ नळीने, ठरावीक वेळी स्वतःच मूत्राशय रिकामे करावे आणि नळी काढून ठेवावी. पिशवीची गरजच उरत नाही.

परंतु जीव वाचला, संसर्ग टळला, तरी जगणे कसे आहे ते कसे मोजायचे? वाणिज्य शाखेत आम्ही जीवनमान शिकलो. जीवनाची गुणवत्ता ही निराळी बाब. जागतिक आरोग्य संघटनेची त्यासाठी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर अशा चार अंगांनी मागील दोन आठवड्यांविषयी विचारले जाते आणि प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण असतात. लघवीच्या तक्रारी असलेल्या मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी फ्रान्समध्ये 'क्वालिव्हीन' ही ३० प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. तिच्यात भीतीचा वेगळा भाग आहे. स्वतः नळी घालणाऱ्यांसाठी आणखी एक २४ प्रश्नांची आहे. तिच्यातील एक भाग केवळ इतकाच शोध घेतो की, हे सारे इतरांच्या नजरेपासून दूर ठेवता येते का. आमच्या शेठजींचा प्रश्न तेथे आधीच छापलेला पाहून मी चकित झालो.

मी २६ प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. प्रथम वहिनींनीच उत्तरे देण्यास सुरुवात केली: प्रकृती चार, झोप चार. त्यांना थांबवून मी शेठजींना विचारले. प्रकृतीला त्यांनीही चार दिले. घराबाहेर पडण्याला एक, स्वतःविषयीच्या समाधानाला दोन. दुकानाच्या कामाला मात्र त्यांनी पाच दिले, ते मला अपेक्षित नव्हते. धडधाकट माणसे अपंगांचे जगणे पुष्कळदा अकारण कमी लेखतात, असे अभ्यासकही सांगतात. वैवाहिक जीवनाच्या प्रश्नापाशी दोघेही थांबले. मी पाण्याचा पेला ठेवण्याच्या निमित्ताने उठलो. तो रकाना कोराच राहिला.

तो कागद पाहून डॉक्टरांनी पिशवी काढून वेळेवर नळी घालण्याची पद्धत शिकवली. आता दिवसातून पाच वेळा, म्हणजे महिन्याला दीडशे वेळा. प्रत्येक वेळी नवी नळी वापरायची तर खर्चाचा आकडा व्यापाऱ्यालाही विचारात पाडतो. मग उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरलेल्या आपल्या जिल्ह्यातील तोडणी कामगाराने काय करावे? हात धुण्याचे पाणीही उन्हाळ्यात टँकरचे. अशा रुग्णांच्या पुनर्वसनाच्या संस्था मुंबईला हाजी अलीजवळ किंवा, जवानांसाठी, पुण्याला खडकीत.

अनेक वाचकांच्या मनात चौविहाराचा प्रश्न येईल. रात्री नळी घालावी लागू नये म्हणून डॉक्टरच सायंकाळनंतर पाणी बेताने पिण्यास सांगतात, त्यामुळे तो त्यांना सोयीचाच ठरला. निर्जळ उपवासाला मात्र डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. पाणी कमी पडले की संसर्ग आणि खडे यांचा धोका वाढतो. शेठजींनी ते मान्य केले, थोड्या खेदाने.

यंदा पर्युषणात ते प्रवचनाला आले, दाराजवळ बसले. मध्येच मोबाइलचा गजर वाजला आणि ते मुलाबरोबर उठून घरी गेले, कारण स्थानकाच्या प्रसाधनगृहाला दोन पायऱ्या आहेत आणि दार खुर्चीपेक्षा अरुंद आहे. संघाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेसाठी मी तो विषय लेखी दिला आहे.