गुरुजींचा संप आणि आमची महागाई



14 मार्च 2023 रोजी राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. त्याच आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस अन् गारपीट झाली. गहू, हरभरा आडवा झाला आणि पंचनाम्याला माणूस नव्हता. आमच्याकडे पुष्कळांच्या घरात कापूस पडून होता. आदल्या साली दहा हजारांवर गेलेला भाव त्या हंगामात खाली आला, म्हणून विकला नव्हता. कापसाच्या ढिगाशेजारी निजून लेकरांच्या अंगाला खाज सुटली होती. वडनेरच्या पारावर तेव्हा एकच बोलणे होते, "एवढा पगार घेतात, अन् वरून संप!"

राग खरा होता. पण तो ज्याच्यावर काढला तो माणूस चुकीचा होता, असे आम्हाला वाटते.

गुरुजी आपले वैरी नाहीत. त्यांतले कितीतरी आपल्याच घरातले आहेत. एकर-दोन एकर विकून आपणच पोराला डीएड केले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर जो नोकरीला लागला त्याला जुनी पेन्शन नाही. म्हातारपणी काय खायचे, ही त्याची काळजी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपण जन्मभर तीच काळजी उशाशी घेऊन निजतो.

संप 20 मार्चला मिटला. सरकारने समिती नेमली आणि मार्च 2024 मध्ये शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ देण्याचे मान्य केले. याच कर्मचाऱ्यांनी 1977 च्या डिसेंबरात सुरू केलेला संप 54 दिवस चालवला होता. एकी टिकली की सरकार ऐकते, हे त्यांच्याकडून शिकावे.

आता महागाईचे बघा. केंद्राचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला, बाजारभावाच्या निर्देशांकावरून ठरतो, आणि राज्य त्याच्या मागे जाते. जानेवारी 2023 ला तो 42 टक्के होता, जुलै 2025 पासून 58 टक्के झाला. आमची त्याला हरकत नाही. हरकत वेगळीच आहे. ज्या महागाईसाठी नोकरदाराला भत्ता मिळतो, तीच महागाई रोखायची म्हणून सरकार आपल्या मालाचा भाव पाडते. तुरीची आयात 2021 मध्ये खुली केली. जून 2023 मध्ये तूर-उडदाच्या साठ्यावर मर्यादा आणली. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले, तेही आपला कापूस बाजारात यायच्या तोंडावर. म्हणजे एकाला महागाईची भरपाई आणि दुसऱ्याकडून महागाईची वसुली!

हमीभाव वाढतो की, असे कोणी म्हणेल. वाढतो. संकरित ज्वारीचा 2022-23 ला 2,970 रुपये होता, 2025-26 ला 3,699 झाला. पण भत्ता जाहीर झाला की पगारात पडतो. हमीभाव जाहीर झाला तरी पदरात पडेलच असे नाही. खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजवंताची ज्वारी व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलेली असते. केंद्राचे वर्षाला 6,000 रुपये मिळतात, ते 2019 पासून 6,000 च आहेत. त्यांना कोणता निर्देशांक लावला?

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, हंगाम सुरू होण्याआधी खरेदी केंद्रे उघडा आणि भाव चढू लागला की आयात-निर्यातीत हात घालू नका. दुसरी, संप खुशाल करा, पण परीक्षा आणि पंचनामे त्यातून वगळा. त्यात मरतो तो आपलाच. तिसरी, गुरुजींच्या संघटनांना निरोप द्या : तुमच्या पेन्शनला आमचा पाठिंबा आहे. तुम्हीही एकदा कापसाच्या भावासाठी आमच्या मोर्चात या.

गुरुजींनी आपल्या पोरांना त्रैराशिक शिकवले आहे. हा हिशेब त्यांना अवघड जाऊ नये.