वही गावाची, लिहिणाराही गावाचा

साथींनो,

मागच्या महिन्यात आपल्या एका म्हाताऱ्या साथीची कचेरीत सुनावणी होती. गेलेली जमीन परत मिळावी म्हणून दावा. साहेबानं साल विचारलं आणि बाबा गांगरले. साथीनं बैठकीची वही उघडली. वहीत एवढंच : "जमिनीविषयी चर्चा झाली. सर्वांनी पाठिंबा दिला." बस्स.

खरं तर त्याच बैठकीत बाबांनी सगळं सांगितलं होतं. थोरल्या पोरीचं लगीन झालं, त्याच्या पुढल्या पावसाळ्यात सावकारानं शेतात आपला नांगर घातला. लिहिणाऱ्याला वाटलं, ही घरची गोष्ट, कशाला लिवायची? पुढची तारीख पडली. बाबांची एक दिवसाची मजुरी गेली, एस.टी.चं भाडं गेलं.

चूक त्या पोराची एकट्याची नाही. आपण त्याच्या हातात वही दिली, पण काय लिहायचं ते सांगितलं नाही.

१९७४ च्या जमीन परत देण्याच्या कायद्यात सगळा खेळ सालाचा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळवण्याची सोय त्यात आहे. आपल्या म्हाताऱ्यांना साल आकड्यात सांगता येत नाही, पण ध्यानात पक्कं असतं. कोणी "मोठ्या दुष्काळात" म्हणालं तर तसंच लिहा, आणि चार जणांना विचारून बाजूला १९७२ घाला. पोरीचं लगीन कोणत्या साली, तेही गावाला विचारून काढता येतं.

लिहिणाऱ्यानं एवढं सांभाळायचं :

१) वर तारीख, गाव, पाडा. कोण कोण हजर. बायांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावानं, "अमक्याची बायको" असं नको.

२) सर्व्हे नंबर ऐकून लिहू नका, सातबारा बघून लिहा. सातबारा नसेल तर शेताच्या चारी बाजू लिहा : नाला, बांध, मोहाचं झाड, शेजारी कोण.

३) ठराव झाला तर काम काय, कोण करणार, कधीपर्यंत. कोणी "नको" म्हणालं असेल तर तेही लिहा. सगळे हो म्हणाले तरच "सर्वानुमते".

४) आपलं मत वहीत घुसडायचं नाही. बोलायचं असेल तर वही दुसऱ्याकडे द्या आणि मग बोला.

५) उठायच्या आधी सगळं मोठ्यानं, आपल्या बोलीत वाचून दाखवा. चुकलं तिथं एक रेघ मारून वर नीट लिहा. पान फाडू नका. मगच सह्या आणि अंगठे.

पाचवं काम सगळ्यात मोठं. आपल्या कितीतरी जमिनी कागदावरच्या अंगठ्यानं गेल्या. कागदावर काय होतं ते कोणी वाचून दाखवलं नाही. म्हणून आजही कागद पुढं आला की आपली माणसं हात मागं घेतात. आपल्याच बैठकीत न वाचता अंगठा घेतला, तर सावकाराच्या वहीत आणि आपल्या वहीत फरक काय राहिला?

काही साथी म्हणतात, शिकलेल्याच्या हाती वही दिली की तोच पुढारी होऊन बसतो. ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय वही बंद करणं नव्हे. दर गावात दोघं तयार करा, त्यात एक मुलगी असू द्या. आळीपाळीनं लिहू द्या. वही लिहिणाऱ्याच्या पेटीत कुलपात नको. कोणीही मागितली तर वाचून दाखवायची. दाव्याच्या पानांची नक्कल संघटनेच्या कचेरीत पोचवायची.

आणि पुढच्या बैठकीचं पहिलं काम, मागचं पान वाचणं. ज्यानं काम अंगावर घेतलं होतं त्यानं उभं राहून सांगायचं, झालं का नाही.

जिंदाबाद!

— संपादक मंडळ