खडू, फळा आणि सर्जा बैल

वाचकहो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. गेली वीस वर्षे मी शिकवण्याचा पगार घेतो आहे. पण शिकवावे कसे, हे मला आजवर कोणीही शिकवलेले नाही. पहिलीच्या पोराला 'ग म भ न' गिरवायला लावायचे तर पदविका लागते, नववीच्या वर्गावर उभे राहायचे तर बी.एड. लागते; महाविद्यालयात मराठी शिकवायला मात्र एम.ए. आणि वर एक पात्रता परीक्षा, एवढ्या भांडवलावर भागते. पोहायला न शिकवताच आम्हाला नीरेच्या कालव्यात ढकलून देतात, आणि मग आम्ही जे हातपाय मारतो त्यालाच पुढे 'अध्यापनाचा अनुभव' असे भारदस्त नाव पडते.

असे असताना गेल्या फेब्रुवारीत एक जुनी विद्यार्थिनी सल्ला मागायला घरी आली, याचा मला मनातून आनंदच झाला. ती सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे फलटणजवळच्या एका शाळेत संपवून आली होती. बगलेत पाठ टाचणांची वही, आणि चेहऱ्यावर परीक्षेआधीची कळा.

"सर, दहा पानांचं चिंतन लिहायचंय. विषय आहे 'शिक्षणात तंत्रज्ञानाचा वापर'. पुस्तकातून उतरवून काढलं तर गुण नक्की. पण माझ्या वर्गात जे झालं ते लिहिलं, तर काय होईल सांगता येत नाही."

अस्मादिकांना न शिकलेल्या विषयावर बोलण्याची सवय आहेच. मी लगेच इतिहास काढला. म्हटले, अगदी एडिसनपासून सुरू कर. त्या गृहस्थाने १९१३ साली सांगून टाकले होते की शाळेतली पुस्तके आता लवकरच मोडीत निघणार, पोरे सगळे हलत्या चित्रांतूनच शिकणार. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी शाळकरी वयात तिचे कार्यक्रम डोळे विस्फारून पाहिले आहेत. ती संस्था २०१७ साली बंद पडली. एडिसनने ज्यांना निरोप दिला होता ती पुस्तके मात्र अजून दप्तरात आहेतच!

मग मी जवळचे उदाहरण घेतले. आमच्या फलटणहून पूर्वेला निघाले की नातेपुते लागते आणि जिल्हा बदलतो. त्याच सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात ठिपक्यांचे चौकोन आणले. क्यूआर कोड म्हणतात ते. चौकोनावर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धड्याचे चित्र हलू लागते. २०१७ साली राज्यानेही आपल्या पाठ्यपुस्तकांत असे चौकोन आणायचे ठरवले. २०२० साली डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्या घरात आईला अक्षर लागत नाही, त्या घरातही पोराला कविता ऐकता यावी, ही काही लहान गोष्ट नव्हे.

शिकाऊ मास्तरीणबाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "सर, हे सगळं लिहून झालंय. मी आले आहे ते सर्जामुळे."

"सर्जा कोण?"

"बैल."

आता मात्र मी चहाचा कप खाली ठेवला.

तिने वही उघडून दिली. पहिला पाठ पाचवीच्या वर्गावर, आठवडे बाजाराच्या वर्णनाचा. वर्गात भिंतीवर मोठा पडदा होता. तिने दोन रात्री जागून बाजाराची चित्रफीत शोधली, तिच्यावर प्रश्न काढले, सगळे अगदी घड्याळाच्या काट्यावर बसवले. पोरे खूश. मार्गदर्शकांनी निरीक्षण वहीत शेरा दिला : 'साधनाचा वापर प्रभावी. वर्गनियंत्रण उत्तम.' दुसऱ्या दिवशी तिने सहज विचारले, "काल बाजारात काय काय पाहिलं?" तर निम्म्या वर्गाने चित्रफितीच्या मधे घुसलेली चॉकलेटची जाहिरात चालीवर म्हणून दाखवली.

त्या वर्गात दाराजवळ एक मुलगी बसायची. बीडकडची. आईबाप ऊसतोडीच्या टोळीत. आमच्या तालुक्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की या टोळ्या येतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की एका रात्रीत ते रान मोकळे होते. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत यायची. हजेरीपटावर पाचवीत, वाचता मात्र एक अक्षर येत नव्हते. विचारले की मान खाली. बाजाराच्या चित्रफितीच्या वेळीही ती पडद्याकडे न बघता बाईंच्या हातातल्या मोबाइलकडे बघत होती.

एका दुपारी तिनेच विचारले, "बाई, ह्यात माझं बोलणं यील का?"

बाईंनी मोबाइल तिच्यापुढे धरला. इतके दिवस गप्प असलेली पोर तीन मिनिटे थांबली नाही. मग तो आवाज वर्गाला ऐकवला. स्वतःचा आवाज ऐकून तिने तोंड फ्रॉकात लपवले. पोरे आधी हसली, मग बैलाची गोष्ट आहे म्हटल्यावर कान देऊन बसली. बाई एक वाक्य ऐकायच्या, थांबवायच्या, फळ्यावर लिहायच्या. जसे बोलले तसे. वहीत ती चार वाक्ये उतरवून ठेवलेली होती :

'आमच्या बैलाचं नाव सर्जा हाय. त्यो डाव्या अंगाला जुपला की चालत नाय. बा म्हणतो, त्यो आमच्यावानी हाय. त्याला बी घरी जायाचंय.'

मुलगी उठून फळ्याशी गेली. "ह्यो सर्जा का?" बाईंनी मान डोलावली. तिने त्या शब्दावरून बोट फिरवले. मग पुढे सरकत पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याच्या शेवटी थांबली आणि ओरडलीच, "बाई, ह्ये अन् त्ये एकच हाय!"

तो शब्द 'हाय' होता. त्या मुलीने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द.

त्या दिवशीचा मार्गदर्शकांचा शेराही मी वाचला : 'साधन : नाही. फलकलेखनात अशुद्ध शब्द. सुधारणा आवश्यक.'

"सर, तुम्ही मराठीचे. तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "ते अशुद्ध होतं का?"

वाचकहो, वीस वर्षांत मी लाल शाईच्या किती बाटल्या संपवल्या असतील याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल. 'हाय' दिसला की गोल, 'नाय' दिसला की फुली. पोरे शुद्ध लिहू लागली, आणि बहुतेक त्याच सुमारास त्यांच्याकडे लिहिण्यासारखे काही उरेनासे झाले. हल्ली तर विषय सांगितला की सबंध निबंध लिहून देणारी यंत्रे खिशात आली आहेत. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत कित्येक निबंध आता अगदी निर्दोष असतात. त्यांत एकही चूक नसते, आणि एकही बैल नसतो.

मला लाज वाटली ती आणखी एका गोष्टीची. आमच्या याच गावात मॅक्सीन बर्नसन नावाच्या अमेरिकन बाई साठच्या दशकात येऊन राहिल्या. फलटणची माणसे कशी बोलतात, कोणत्या थरात कोणते रूप वापरतात, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. तो प्रबंध त्यांनी १९७३ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला. फलटणच्या बोलण्याचे आम्ही व्याकरण तपासत होतो, तेव्हा त्या ते ऐकत होत्या. पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, १९८४ साली 'प्रगत शिक्षण संस्था' आणि १९८६ साली 'कमला निंबकर बालभवन' सुरू केले. शाळेत मागे पडणाऱ्या पोरांना वाचायला कसे शिकवावे, यावर त्यांनी आयुष्य घातले. आणि मराठीचा प्राध्यापक असलेला मी त्या शाळेवरून रोज फटफटीने जात होतो!

त्या संध्याकाळी मी माझ्या विद्यार्थिनीला एक गोष्ट सांगितली. घराबाहेर ती पहिल्यांदाच सांगत होतो.

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि पुढे आम्ही मोबाइलवरून तास घेऊ लागलो. पडद्यावर चाळीस नावे, चाळीस काळे चौकोन. मी रोज पाऊण तास बोलायचो. हजेरी यंत्रच घ्यायचे. माझा अभ्यासक्रम वेळेत संपला, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. एका मुलाची हजेरी तर एकही दिवस चुकली नव्हती. परीक्षेला तो आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, वडिलांचे काम सुटल्यामुळे तो पहिल्याच महिन्यापासून डाळिंबाच्या शेडवर फळे निवडायला जात होता. घरी धाकटी बहीण रोज माझा तास लावून मोबाइल कोनाड्यात ठेवून देत असे. म्हणजे कित्येक महिने मी त्या घरातल्या एका कोनाड्याला मराठी साहित्याचा इतिहास शिकवत होतो. एकदा, फक्त एकदा, "कसा आहेस रे?" असे विचारून उत्तराची वाट पाहिली असती, तरी मला कळले असते. तो मुलगा पुन्हा वर्गात आला नाही.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मीच म्हणालो, "अशुद्ध नव्हतं ते. 'आहे' लिहायला तिला शिकवायचंच. नाही शिकवलं तर पुढे जग तिला अडवेल. पण आधी तिला 'हाय' वाचू दे. आणि साधन नव्हतं असं कोण म्हणतं? त्या पडद्याने वर्गाला ऐकवलं. तुझ्या मोबाइलने त्या पोरीचं ऐकून घेतलं. माझ्याकडे त्या वर्षी तेच यंत्र होतं, पण मी त्याच्यातून नुसता बोलत राहिलो."

"मग शेवटी काय लिहू, सर? तंत्रज्ञान चांगलं की वाईट?"

मी तिला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची हकीगत सांगितली. कडेगाव तालुक्यातले हे गाव. साथीच्या काळात अभ्यासासाठी म्हणून पोरांच्या हाती मोबाइल आला तो सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि पोरांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो.

"म्हणजे यंत्र बंद करायला यंत्रच!" ती हसली.

"हो. पण भोंगा फक्त दीड तास मोकळा करून देतो. त्या दीड तासात पोराजवळ बसायचं काम घरातल्या माणसालाच करावं लागतं. तेवढं लिही."

तिने लिहिले. सर्जाची चार वाक्ये 'हाय' आणि 'नाय' यांच्यासकट लिहिली. दहांपैकी सहा गुण पडले. पुस्तकातून उतरवणाऱ्यांना आठ मिळाले. पट्टा पडायच्या आदल्या दिवशी तिने त्या मुलीचा आवाज तिच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवून दिला आणि सर्जाचा धडा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून हाती दिला. टोळी गेली. पुढे त्या कागदाचे काय झाले, ते कळायला मार्ग नाही.

यंदा जूनमध्ये नवा वर्ग आला. मी पहिल्या तासाला खडू उचलला नाही. प्रत्येकाला म्हटले, आपल्या घरचे काहीही सांगा, जसे बोलता तसे सांगा. घंटा झाली तरी अकराच जण झाले होते. अभ्यासक्रम एका तासाने मागे पडला. तो अजून मागेच आहे.

हंगाम पुन्हा सुरू होईल. यंदाच्या टोळीत ती असेलच असे नाही. पण फडाकडे जाणारी एखादी बैलगाडी रस्त्यात आडवी आली, की डाव्या अंगाचा बैल अडतो आहे का, ते पाहायला मी थांबणार आहे.